सहा फुटी टाकी आणि चार एमएमचं भोक

आमच्या घरात आधी तीन फुटाची माशांची टाकी होती, खालच्या मजल्यावर, दारातून आत आलं की डाव्या हाताला. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी 45, हे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं) तेव्हा आम्ही आईला घेऊन विश्रामबागला मावशीकडं गेलो, टाकी तिथंच. परत आलो तर काच गाळात पालथी पडलेली, स्टँड भिंतीला टेकलेला आणि पाच गोल्डफिश कुठं गेले ते कृष्णामाईलाच माहीत. लेक तेव्हा सहा वर्षांची होती, ती बरेच दिवस घाटावर गेली की पाण्यात वाकून बघायची. 2021 ला परत पाणी आलं तेव्हा खाली माशांचं काहीच नव्हतं, एवढाच काय तो आनंद.

त्यामुळं यंदा टाकी करायची ठरली तेव्हा दोन गोष्टी आधीच ठरलेल्या होत्या, एक म्हणजे ती वरच्या मजल्यावर असणार आणि दुसरी म्हणजे ती मोठी असणार, कारण बारा वर्षांची लेक आता 'हे बाबा, एवढुशी नको' म्हणते. सहा बाय दोन बाय दोन. फूट हो, इंच नाही. आई पहिल्या दिवशी म्हणाली की टाकी लोकं गच्चीवर बसवतात, हॉलमध्ये नाही, आणि खरं सांगायचं तर आकडेमोड केल्यावर मला पण तसंच वाटायला लागलं.

मी हळदीच्या पेढीवर हिशेब लिहितो, त्यामुळं आकडेमोड ही एकच गोष्ट मला धड येते. सहा गुणिले दोन गुणिले दोन म्हणजे 24 घनफूट, एका घनफुटात साधारण 28.3 लिटर, म्हणजे काठोकाठ 680 लिटर, वर दोन इंच सोडले तरी सव्वासहाशे किलो नुसतं पाणी. बारा एमएमची काच एका चौरस मीटरला 30 किलो भरते, पाची बाजू धरून सव्वाशे किलो. लोखंडी स्टँड पन्नास-पंचावन्न, खालचा संप (पाणी गाळायची दुसरी टाकी) आणि त्यातलं पाणी दीडशेच्या जवळ, गोटे रेती वेगळी. टन झाला. आणि घराचा स्लॅब धरताना इंजिनियर लोक चौरस मीटरला 200 किलोचा हिशेब धरतात, माझी टाकी जेमतेम 1.1 चौरस मीटर जागेत एक टन घेऊन बसणार. लगेच स्लॅब खाली येतो असं नाही, बाकीचा हॉल रिकामाच असतो, पण कुठंही मधोमध ठेवून चालत नाही. घर बांधलं त्या इंजिनियरला बोलावलं, त्यानं जुना नकाशा काढला आणि उत्तरेच्या भिंतीकडं बोट दाखवलं, तिथं खाली बीम आहे आणि दोन्ही टोकांना कॉलम, टाकी भिंतीला समांतर लावायची म्हणजे वजन बीमवर जातं. बायकोला ती टीव्हीची जागा पाहिजे होती. टीव्ही आता दक्षिणेला आहे आणि दुपारी त्यावर ऊन येतं, तो विषय इथं नको.

स्टँड कुपवाडला करून घेतला. वेल्डिंगवाले मामा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधतात, मी कागदावर काढलेलं चित्र त्यांनी बघितलं आणि हसले. "दादा, दहा-दहा टन ऊस भरून आमच्या ट्रॉल्या खड्ड्यातनं जात्यात, तुमचं चार मासं काय जड हाईत व्हय?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, नंतर गाडीवर सुचलं. ट्रॉली वाकली तर ऊस काही म्हणत नाही, काच म्हणते.

तरी माल चांगला वापरला त्यांनी, दोन बाय दोन इंची चौकोनी पाइप, चौदा गेज. सहा पाय, चार कोपऱ्यात आणि दोन मधे, पुढं एक मागं एक. एका गोष्टीवर मी हटून बसलो, वरची फ्रेम पायांच्या डोक्यावर बसली पाहिजे, पायांच्या मधे घालून बाजूनं वेल्ड मारायची नाही. तसं केलं की सगळं वजन वेल्डवर लटकतं, डोक्यावर ठेवली तर वजन पाइपातनं सरळ जमिनीला जातं आणि वेल्ड फक्त हलू नये म्हणून. मामांना हे लगेच पटलं, म्हणाले आमच्या चॅसीला पण तसंच असतंय. मग प्रायमर, रेड ऑक्साइडचे दोन हात, वरून काळा रंग, आणि प्रत्येक पायाखाली चार बाय चारची सहा एमएम जाडीची पट्टी, नाहीतर पाइपाच्या धारेवर सगळं वजन येऊन फरशी फुटते.

घरी आणला आणि गडबड झाली. चौकट दिसायला मस्त, गुण्या लावला तर काटकोन पण बरोबर, पण मला कुठंतरी वाचलेलं दोरीचं आठवलं. वरच्या फ्रेमच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांना एक दोरा ताणून बांधायचा, उरलेल्या दोन कोपऱ्यांना दुसरा, मधे जिथं ते एकमेकाला ओलांडतात तिथं त्यांनी एकमेकाला नुसतं शिवायला पाहिजे. आमच्यात मधून काडेपेटीची काडी आरामात जात होती. काडी साधारण दोन एमएमची, आणि मधली फट कोपऱ्यातल्या फरकाच्या निम्मी असते, म्हणजे एक कोपरा चार एमएम वर. चार एमएम म्हणजे काय असं कुणीही म्हणेल, मामा पण फोनवर तेच म्हणाले. पण टाकी एका बाजूला थोडी कलली तर नुसतं पाणी तिरकं दिसतं, पिळ पडलेल्या स्टँडवर बसली तर तळाची काच तो पिळ घेते, आणि काच पिळ घेत नाही, एक दिवस आवाज करते. थर्माकोल घालतोच की आपण खाली असं म्हणणारे पण भेटले, थर्माकोल रेतीचा कण आणि प्लायचा उंचवटा गिळतो, चार एमएमचा पिळ गिळत नाही.

पिळ पडला कशानं तर त्यांनी एक कोपरा पूर्ण वेल्ड करून मग दुसरा घेतला होता. लोखंड तापलं की पसरतं आणि गार होताना ओढतं, ज्या बाजूला आधी वेल्ड त्या बाजूला चौकट खेचली जाते. ट्रॉलीत हे कळतही नाही. स्टँड परत कुपवाडला गेला, छोटा हत्ती दोनदा, भाडं माझं. मामांनी ग्राइंडरनं दोन सांधे कापले, सपाट जागेवर ठेवून आधी सगळीकडं नुसते टॅक (ठिपक्याएवढे वेल्ड) मारले, मग समोरासमोरचे सांधे आलटून पालटून थोडे थोडे वेल्ड केले. या वेळी दोरा त्यांनी स्वतः बांधला, आणि मी निघताना पोराला सांगत होते, "ह्ये ध्यानात ठेव, ट्रॉलीला बी लावून बघू."

मग लेव्हल. आमच्या हॉलची फरशी बाल्कनीकडं उतरती आहे, पुसायला सोपी म्हणून गवंड्यानं केलेली, ते सहा फुटात सात एमएम भरलं. ते मोजायला मशीन लागत नाही, गवंडी वापरतात तो पारदर्शक नळीचा पाइप घेतला, पाणी भरलं, बुडबुडे जाईपर्यंत झटकला आणि दोन टोकं दोन कोपऱ्यांना धरली. लेक एका टोकाला पेन्सिल घेऊन, मी दुसऱ्या. खालच्या बाजूच्या पायांखाली पत्र्याच्या चकत्या सरकवत गेलो, मधल्या पायांना निम्म्या जाडीच्या, एकेक चकती आणि परत माप, संध्याकाळचे दीड-दोन तास त्यात गेले. बायकोनं दोनदा विचारलं की जेवायला वाढू का आणि तिसऱ्यांदा विचारलं नाही.

सहा फुटाची तयार टाकी आमच्या जिन्यातून वर येणं शक्यच नव्हतं, वळणावर बसत नाही. म्हणून काचा सुट्ट्या आणल्या, एकेक मोठी काच तेहतीस किलोची, आणि टाकी करणारा पोरगा घरी येऊन जागेवरच स्टँडवर, एकोणीस एमएम प्लाय आणि त्यावर थर्माकोल टाकून, सिलिकॉननं जोडून गेला. पुढचे सात दिवस हात लावायचा नाही म्हणाला. सिलिकॉन वाळताना व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटतो, आई रोज सकाळी उठून म्हणायची, कुणाचं लोणचं नासलंय बघा.

आता खरं प्रकरण, पाइप.

संप म्हणजे खालची दुसरी टाकी, वरचं पाणी आपोआप खाली येतं, तिथं स्पंज, सिरॅमिक रिंगा वगैरेतून गाळून जातं आणि पंप ते परत वर ढकलतो. खाली यायला काचेला भोक पाडावं लागतं. माझं स्पष्ट मत आहे, तळाला भोक पाडू नये. लोकं पाडतात, चालतात पण, पण तळाचं फिटिंग गळलं तर अख्खी टाकी हॉलमध्ये येते आणि मला रात्री झोप लागते ती लागू द्यावी असं वाटतं. आम्ही मागच्या काचेला वरच्या बाजूला दोन भोकं पाडली आणि आतून काचेचा छोटा कप्पा केला, पाणी त्या कप्प्याच्या काठावरून सांडतं आणि भोकातून जातं. फिटिंग गळलं तरी जाणार किती तर वरचं थोडंसं. भोकं काचवाल्याच्या दुकानातच हिऱ्याच्या बिटनं पाडून घेतली, पाणी सोडत सोडत, अजिबात दाब न देता, एका भोकाला त्यानं वीसेक मिनिटं घेतली. आणि काच साधी पाहिजे, टफन केलेली असेल तर बिट टेकल्यावर तिचे खडे होतात. आणखी एक, फिटिंग आधी विकत घ्या आणि मग भोक पाडा. सव्वा इंची पाइपाला सव्वा इंची भोक असा हिशेब करून एक जण काच घेऊन परत आला होता म्हणे, भोकात बसतं ते फिटिंग, म्हणजे टँक निपल, त्याची मान पाइपापेक्षा जाड असते.

फिटिंग कुठं मिळाली ते ऐका. दोन हार्डवेअरच्या दुकानात युनियन (न कापता फिरवून सुटणारा जोड) असलेला प्लास्टिकचा व्हॉल्व्ह मिळेना, पितळी दाखवायचे, पितळेत तांबं असतं आणि मला ते पाण्यात नको होतं, गोगलगायींना तर ते विषच. शेवटी ठिबकच्या दुकानात गेलो. तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांची गर्दी होती, माझा नंबर आल्यावर काउंटरवरच्या माणसानं न बघताच विचारलं, "किती एकर?" मी म्हणलं सहा फूट. सगळं मिळालं मात्र, दोन्हीकडं युनियनवाला बॉल व्हॉल्व्ह, एल्बो, रिड्युसर, आणि शेजारी उभ्या असलेल्या एका बागायतदाराकडून सल्लाही, की दादा नव्वद अंशाचा एल्बो टाळा, पंचेचाळीसचे दोन टाका, पाणी कमी अडतं. तो सल्ला मी ऐकला.

प्लंबर आमचा नेहमीचाच, बाथरूम त्यानंच केलेलं. त्याचं म्हणणं युनियन कशाला, सोल्युशन लावून चिकटवून टाकू, जन्मात हलणार नाही. तेच तर नको होतं. पंप धुवायला काढायचा तर पाइप कापायचा का दर वेळी? आणि टँक निपलच्या आट्यांना तो टेफ्लॉन गुंडाळायला लागला, त्याला थांबवलं. तिथं पाणी आटे अडवत नाहीत, रबरी वॉशर अडवतो, वॉशर कॉलरच्या बाजूला, पाण्याकडं, आणि नट हातानं घट्ट करून वर फक्त पाव वळसा. पान्यानं आवळला की एकतर वॉशर बाहेर येतो नाहीतर काच तडकते. तो म्हणाला, दादा मग मला कशाला बोलावलं. पण राहिला, आणि पाइप कापण्यात त्याचा हात सफाईदार आहे हे मान्यच करायला पाहिजे. आधी सगळं कोरडं जोडून बघितलं, पेननं खुणा केल्या, मग सोल्युशन.

दोन भोकांतलं एक मुख्य आणि दुसरं आणीबाणीचं. मुख्य पाइपाला खाली व्हॉल्व्ह, तो इतकाच बंद करायचा की पाइप हवा न ओढता पूर्ण भरून वाहील, म्हणजे आवाज येत नाही. दुसऱ्याचं तोंड जरा वर, त्यात एरवी नुसती बारीक धार जाते, मुख्य पाइपात पान किंवा गोगलगाय अडकली की पाणी चढून दुसऱ्यातून जातं. पहिल्या रात्री व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवला होता, तर अख्खी रात्र कुणीतरी दर मिनिटाला फ्लश ओढतंय असा आवाज. केसभर फिरवायचं, दहा मिनिटं थांबायचं, परत केसभर. बॉल व्हॉल्व्हला हे अवघड जातं, गेट व्हॉल्व्ह असता तर सोपं झालं असतं, प्लास्टिकचा आता ऑनलाइन मागवलाय.

संपची एक लाज सांगून टाकतो. संप तीन फुटी केला, दीड रुंद, दीड उंच. स्टँड सहा फुटी, मधे पाय, म्हणजे निम्म्यात तीन फूट, असा माझा हिशेब. कोपऱ्याचा पाय दोन इंच खातो आणि मधला पाय एक इंच खातो हे हिशेबनिसाला कळू नये? पुढून जागा तेहतीस इंच, संप छत्तीस. बाजूनं वीस इंच जागा होती म्हणून ड्रॉवर ढकलल्यासारखा डावीकडून आत गेला, चपलांचं कपाट हलवून. कधी बाहेर काढायचा झाला तर कपाट परत हलणार.

पाणी भरलं, एक दिवस बघितलं, सगळ्या सांध्यांखाली जुने पेपर अंथरले होते कारण पेपरवर एक थेंब पडला तरी डाग दिसतो, फरशीवर दिसत नाही. एक युनियन पाझरत होती, तिचा ओ-रिंग नीट बसवला. झालं म्हणलं. मे महिना, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वळीव आला आणि लाईट गेली.

आम्ही बाल्कनीत पावसाचा वास घेत उभे. आत आलो तर पाय ओला.

झालं असं की पंप वर ढकलतो त्या पाइपाचं तोंड मी पाण्यात पाच इंच खाली सोडलं होतं, वर खळखळ नको म्हणून. पंप बंद पडला की तोच पाइप उलटा सायफन होतो आणि पाण्याची पातळी त्याच्या तोंडापर्यंत उतरेस्तोवर खाली ओढत राहतो. सहा बाय दोनच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे बरोबर एक घनफूट, 28 लिटर. पाच इंच, 140. आणि संप निम्मा भरलेला, रिकामी जागा 95 लिटरची. वर एक इंच उतरला की खाली जवळजवळ पावणेतीन इंच चढतं, हे गणित दुसरीतल्या पोरानं केलं असतं. मी वजनाचा हिशेब ग्रॅमपर्यंत केला आणि हा केलाच नाही. मोबाइलच्या उजेडात पाइप वर उचलला तेव्हा सायफन तुटला, तोवर तीन बादल्या पाणी हॉलमध्ये, उतारानं बाल्कनीकडं निघालेलं. गवंड्याचे मनातल्या मनात आभार मानले. आई सोफ्यावर पाय वर घेऊन बसली आणि म्हणाली, "नदीला वर यायला जमलं नाही म्हणून तूच आणलीस होय."

उपाय काय तर एक भोक. पाइपाला पाण्याच्या पातळीच्या अर्धा इंच खाली चार एमएमचं भोक पाडलं, त्यातून बारीक धार सुटते ती सुटू दे. लाईट गेली की पाणी जरासं उतरतं, भोक उघडं पडतं, हवा शिरते, सायफन खलास. आता बंद पडल्यावर इंचभर पाणी खाली येतं आणि संप तीन इंच चढून थांबतो. नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा, का नाही बसवला असं तिघांनी विचारलं. त्याच्या झडपेत एक शेवाळाचा तुकडा अडकला की तो नावापुरता राहतो, आणि तो अडकलाय हे कळतं ते लाईट गेल्यावरच. भोक पण शेवाळानं बुजतं, पण ते रोज डोळ्यासमोर असतं, खराट्याची काडी घातली की साफ. मग मुद्दाम पंप बंद करून पाच वेळा बघितलं, मुख्य पाइप पूर्ण बंद करून आणीबाणीचा एकटा सगळं पाणी घेतो का तेही बघितलं. हे सगळं टाकी भरल्या दिवशीच बघायचं असतं.

एक गोष्ट मात्र आधीच सुचली होती, पंपाच्या लाइनला एक टी आणि व्हॉल्व्ह टाकून फाटा बाल्कनीत नेलाय. दर रविवारी व्हॉल्व्ह फिरवला की संपातलं मळकं पाणी खाली जास्वंदीला आणि कढीपत्त्याला जातं, बादल्या वाहायच्या नाहीत. संपात पाणी कमी झालं की पंप कोरडा फिरायच्या आत बंद करायचा, मग वरचं आलं की परत. नवीन पाणी दोनशे लिटरच्या बॅरलमध्ये एअर पंप लावून एक दिवस ठेवतो म्हणजे नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जातं. बोअरचं घालत नाही, आमच्याकडचं जड आहे, काचेवर पांढरं धरतं.

महिना-दीड महिना टाकी रिकामीच फिरत होती, माशांच्या घाणीतला अमोनिया खाणारे जिवाणू रिंगांवर बसेपर्यंत. येणारा प्रत्येक पाहुणा मासे कुठायत विचारायचा आणि लेक त्यांना अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट असं घडाघडा म्हणून दाखवायची. मग सहा गोल्डफिश आले. एवढी टाकी आणि गोल्डफिश, अरोवाना तरी टाकायचा, असं पेढीवरचे म्हणतात. गोल्डफिश घाण फार करतो, चांगला वाढला तर वीतभर होतो, त्याला एवढं पाणी आणि एवढं गाळप लागतंच, वाटीत ठेवायचा मासा नाहीच तो. हिवाळ्यात हीटर लागत नाही हा वेगळा फायदा. आणि मुळात लेकीला तेच पाहिजे होते.

खराट्याची काडी आता टाकीच्या मागं खिळ्याला टांगलेली असते. आई देवपूजा उरकली की रोज ती भोकात घालून फिरवते, सांगावं लागत नाही. स्टँडला पुढून दारं राहिलीत, सध्या तिचीच एक जुनी साडी पडदा म्हणून लावलीय. सुतार म्हणालाय गणपती झाल्यावर येतो, कुठल्या वर्षीचे ते विचारायचं राहिलं.